खोटा खांब कुठल्या बाजूला?

हॅरो क्रीक, आयोवा
६ फेब्रुवारी १९७८

मिसेस ओपल रुझिका यांना,

तुमची-माझी ओळख नाही, म्हणून आधीच सांगतो की हे पत्र वाईट बातमीचं नाही. अनोळखी अक्षरातलं पाकीट आलं की माझ्या छातीत धस्स होतं. तुमच्याही होत असेल. मी लाइल हेवरकँप, वय चौऱ्याहत्तर. धान्याच्या कोठारावर काट्यापाशी एकेचाळीस वर्षं काढली. शाळा सहावीपर्यंतच, तेव्हा चुका पोटात घाला.

तुमची आजी बारबोरा लग्नाआधी आमच्या घरी कामाला होती. नाताळला तिचं कार्ड यायचं. १९४७ च्या शेवटच्या कार्डावर 'नात ओपल रुझिका हिच्या घरी' असा पत्ता होता, त्यावर हे टाकतोय. तुम्ही तिथे नसाल तर ज्याच्या हाती पडेल त्याने कृपा करून पुढे पाठवावं. तिकीट जादा लावलंय.

काम असं आहे. यंदा आमच्या गावाला शंभर वर्षं होतात. हल्ली पोरी जी रंगीबेरंगी लोकरीच्या चौकोनांची जाकिटं घालून फिरतात, त्यांतले चौकोन, म्हणजे ज्यांना 'आजीचे चौकोन' म्हणतात, ते जगात सगळ्यात आधी माझ्या आजीने विणले असं आमच्या घरात कायम सांगत आले आहेत. आजीचं नाव मिना हेवरकँप. १८८१ च्या त्या बर्फाच्या हिवाळ्यात तिने ते विणले. 'आजीचा चौकोन' म्हणतात त्यातली आजी ती हीच. पांघरूण माझ्याकडे पेटीत आहे. शताब्दी समितीच्या फिलिस ओल्टमन, आमच्या डॉक्टरांच्या पत्नी, म्हणतात की हमरस्त्यावर पाटी लावू: 'आजीच्या चौकोनाचं जन्मगाव'. पुस्तिकेतही छापायचं आहे. खाली मी सही करायची, की हे सगळं खरं आहे. चार जुलैला व्यासपीठावर माझी खुर्ची, थेट महापौरांच्या शेजारी. मिसेस रुझिका, या गावाने गाड्यांची वजनं सोडून मला आजवर काही विचारलेलं नाही.

फिलिसबाई म्हणतात, जुना लेखी पुरावा मिळाला तर सोन्याहून पिवळं. तुमच्या आजीने कधी काही लिहून ठेवलं होतं का? पुस्तिका एक मेला छापायला जाते. घाई करतोय असं समजू नका, पण घाई आहे.

आपला,
लाइल हेवरकँप

ता. क. पायऱ्यांवर बर्फ आहे, म्हणून शेजारणीच्या हाती टाकायला देतोय. ती विसरली नाही म्हणजे मिळवली.


प्लम हॉलो, नेब्रास्का
२० फेब्रुवारी १९७८

मिस्टर हेवरकँप,

शेजारीण विसरली नाही. पत्ताही बरोबर आहे आणि बाईही तीच आहे, फक्त एकतीस वर्षांनी जाड झाली आहे.

लेखी काही नाही. आमची बाबी (आम्ही आजीला बाबी म्हणतो) सहीसुद्धा कुरकुरत करायची. कार्डं मी लिहायची आणि ती शेजारी बसून म्हणायची, "एवढं कशाला लिहितेस, जिवंत आहे म्हणून सांग." पण त्या हिवाळ्याचं मी शंभरदा ऐकलंय. सात आठवडे आगगाडी आली नाही. कोळसा संपल्यावर मक्याची बुरकुंडं जाळायची. सगळं घर बंद करून एका स्वयंपाकघरात चौघं राहायची, तुमची आजी, तिची दोन मुलं आणि सतरा वर्षांची बाबी. फाटके मोजे, स्वेटरच्या बाह्या, मफलरची टोकं, जे हाती लागेल ते उसवायचं. एका वेळी सूत निघायचं ते एका चौकोनापुरतं, आणि बोटंही तेवढाच वेळ साथ द्यायची. ती बधिर व्हायच्या आत एक पुरा करून ठेवून द्यायचा. ते चौकोन बाबीने विणले. तिने सांगितलं ते असं.

'जगात सगळ्यात आधी' हे शब्द तिच्या कानावर गेले असते तर ती हसून खुर्चीवरून पडली असती. तिला ते तिच्या मावशीने शिकवले होते. मावशीला कोणी, ते विचारायला तिच्या मायदेशी, बोहेमियात, जावं लागेल, आणि तिथेही कोणी सांगेल असं नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नका. पांघरूण काय सांगतं ते बघा. तुम्हाला विणकामातलं कळत नसेल म्हणून सावकाश सांगते. चौकोनात तीन-तीन खांबांचे झुबके असतात. प्रत्येक फेरीचा पहिला खांब खोटा असतो. तीन साखळ्या उभ्या करायच्या आणि खांब म्हणून चालवून घ्यायच्या. तो इतरांपेक्षा बारीक दिसतो. पांघरूण सुलटं पसरा, शिवणी खालच्या अंगाला. चौकोनाच्या ज्या बाजूला खोटा खांब असेल ती बाजू वर धरा. खोटा खांब आपल्या झुबक्याच्या उजव्या टोकाला असला तर विणणारी उजवी. डाव्या टोकाला असला तर डावरी.

आमची बाबी डावरी होती. मी उजवी, म्हणून तिच्यासमोर बसून शिकले, आरशात बघावं तशी.

तुमची आजी कोणत्या हाताची?

ओपल रुझिका


हॅरो क्रीक
९ मार्च १९७८

मिसेस रुझिका,

उत्तराला उशीर झाला. पंधरा दिवस खोकला होता. डॉक्टर ओल्टमन म्हणाले साधा आहे, पण साधा म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तुम्ही सांगितलंत तसं पांघरूण पलंगावर पसरलं. पण काय आहे, ते फार जुनं. आईने एकदा गरम पाण्यात धुतलं होतं, त्याने लोकर आटून नमद्यासारखी घट्ट झाली आहे. खांब कुठला, साखळी कुठली, काही उमगत नाही. माझा चष्माही सहा वर्षांचा. खिडकीपाशी नेलं तर उजेड डोळ्यांवर येतो, आत आणलं तर अंधार. त्यामुळे नक्की असं काही सांगता येत नाही. आजी मात्र उजवी होती. लहानपणी मी डाव्या हातात चमचा धरला की तोच चमचा काढून घेऊन बोटांवर मारायची.

आणि राग मानू नका, पण तुमची आजी तेव्हा सतरा वर्षांची, भांडी घासायला ठेवलेली पोर. घरात काय झालं ते घरच्या माणसांना जास्त ठाऊक असणार.

एक गोष्ट तुम्हाला म्हणून सांगतो, इथे कोणाला ठाऊक नाही. मलाही क्रोशे येतं. १९७१ साली मला हृदयाचा झटका आला, तेव्हा इस्पितळातल्या नर्सने शिकवलं. म्हणाली, हाताला काम असलं की डोकं कमी चालतं. मी हेच चौकोन विणतो. स्वेटर घ्यायचा तर दोन महिने लागतात, आणि दोन महिने आपण असू की नाही, या विचारानेच माझा हात थांबतो. चौकोन अर्ध्या तासात पुरा होतो. बाजूला ठेवला की तो झाला. उद्याचं उद्या. अशी चार पांघरुणं झालीत, पलंगाखाली ट्रंकेत आहेत. कॅफेत कळलं तर मला गाव सोडावं लागेल.

तेव्हा तुमच्याकडे लेखी काही नाही, एवढं मी फिलिसबाईंना कळवतो.

आपला,
लाइल हेवरकँप


प्लम हॉलो
१६ मार्च १९७८

लाइल हेवरकँप,

दुसऱ्या परिच्छेदात तुम्हाला खांब आणि साखळी ओळखता येत नाही. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही चार पांघरुणं विणली आहेत. पत्र टाकण्याआधी एकदा वाचून तरी बघत जा.

आणि ज्या माणसाने एकेचाळीस वर्षं काट्यावरचा आकडा वाचला, त्याला पलंगावरचा चौकोन दिसत नाही? शेतकऱ्यांना हेच सांगायचात का, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून?

सोबत दोन चौकोन पाठवते. निळा बाबीचा, १९४० सालचा. तांबडा माझा, काल रात्रीच्या जेवणाआधी केलेला. पांघरुणाशेजारी ठेवा. मग नवा चष्मा घ्या किंवा घेऊ नका, पण पत्र खरं लिहा.

मला तुमची पाटी नको. नेब्रास्कात आमच्या रस्त्याला साधं नाव नाही, पाटी कुठे लावू? पण भांडी घासणारी पोर म्हणालात ना, त्या पोरीने तुमच्या वडिलांना मांडीवर घेऊन चुलीपाशी बसून अख्खा आठवडा काढला होता. तेवढं घरच्या माणसांना ठाऊक आहे का?

ओपल


हॅरो क्रीक
२४ एप्रिल १९७८

ओपलबाई,

पाच आठवडे गेले. तुम्ही म्हणाल मेला. मेलो नाही, नुसता गप्प होतो.

मी खोटं लिहिलं होतं. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच दुपारी पांघरूण पसरून पाहिलं. धुतलेलं वगैरे काही नाही, टाके काल घातल्यासारखे स्वच्छ आहेत. मला खोटा खांब शोधावासुद्धा लागला नाही. आजीने चमचा मारून माझा लिहिण्याचा हात बदलला, पण नर्सने सुई दिली तेव्हा मी ती आपोआप डाव्या हातात धरली, आणि इतक्या वर्षांत कोणी पाहायला नव्हतं म्हणून ती तिथेच राहिली. ते चौकोन माझ्या चौकोनांसारखे आहेत. डावऱ्याचे.

मग नीट मोजलं. शहाण्णव चौकोन, आठाच्या बारा ओळी. प्रत्येकाच्या आतल्या तीन रंगीत फेऱ्या डावऱ्या. आणि प्रत्येकाची शेवटची काळी फेरी उजवी. एकही चुकलेला नाही. म्हणजे चौकोन बारबोराचे, माझ्या आजीने फक्त काठ घातला. तुमचे दोन शेजारी ठेवले. निळा असा शोभला की उचलावासा वाटेना.

भांडी घासणारी म्हणालो त्याची लाज वाटते. वडिलांचं ते आमच्याकडे कोणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी धीर करून फिलिसबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "बसा लाइल, सही आणलीत ना?" मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "बाहेरून पाहणाऱ्याला काठच दिसतो ना? मग झालं. हमरस्त्यावरून पंचावन्नच्या वेगाने जाणारा माणूस टाके मोजायला उतरणार आहे का?"

मी म्हणालो, "पण मी मोजलेत."

"मग विसरा. तुम्हाला वयाची सवलत आहे."

कॅफेत गेलो तर डेल ब्रिंकर ओरडला, "या आजीबाई! पाटीवर फोटो कोणाचा लावणार, तुमचा की तिचा? मिशी काढली तर एकच चालेल!" सगळे हसले. वाईट मनाने नव्हे. पुढची कॉफी त्यानेच पाजली. गेल्या दोन महिन्यांत मला कॉफी पाजणारे वाढलेत, ओपलबाई. मी दारातून आत गेलो की लोक सरकून जागा करतात. सही नाही केली तर मी पुन्हा तो कोपऱ्यातला लाइल. केली तर रोज पाटीखालून गाडी न्यायची आणि वर बघायचं नाही. कागद टेबलावर आहे, पेन शेजारी आहे, सात दिवस उरलेत. छातीवर दडपण आहे ते हृदयाचं की कागदाचं, मला फरक कळत नाही.

तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं करीन.

लाइल


प्लम हॉलो
२७ एप्रिल १९७८

लाइल,

मी सांगणार नाही. सही तुमची, हात तुमचा. कोणता ते तुम्हीच ठरवा.

पण तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही जे लपवलं ते लिहिते. बाबीने माझ्याकडून वचन घेतलं होतं की हेवरकँपांना कळवायचं नाही, कारण तिने तुमच्या आजीला तसं वचन दिलं होतं. दोघीही आता मातीत आहेत. रागावल्या तर माझ्यावर रागावतील.

तुम्ही 'फक्त काठ' म्हणालात. ती काळी लोकर कुठून आली, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही?

चौकोन झाले होते ढीगभर, पण लोकर कुठे जाड, कुठे बारीक, म्हणून कोणी लहान, कोणी मोठा. जोडले की पांघरुणाला पोक यायचा. सगळ्यांना सारखं करायला एका रंगाची भरपूर लोकर हवी होती. अख्ख्या घरात तेवढी लोकर एकाच ठिकाणी होती, तुमच्या आजीच्या अंगावर. तुमचे आजोबा हाइनरिश नोव्हेंबरात गेले होते. तिची ती शोकाची काळी शाल. वर्षभर उतरवायची नसते, आणि तेव्हा जानेवारी चालला होता. तुमचे वडील चार वर्षांचे, छाती भरलेली, श्वास वाजत होता.

तिने शाल काढली आणि टोक बाबीच्या हातात दिलं. "ओढ."

बाबी म्हणाली, "मालकीणबाई, ही तर मेलेल्याची आहे."

"हाइनरिशला आता थंडी वाजत नाही. पोराला वाजतेय. ओढ म्हणते ना!"

बाबीने ओढलं, पण त्या लोकरीला सुई लावायला ती तयार होईना. अपशकुन म्हणून रडायला लागली. तेव्हा मिनाने तिच्या हातातून सुई घेतली आणि शहाण्णव चौकोनांचा काठ एकटीने घातला. तीन दिवस, तीन रात्री. म्हणून तो उजवा आहे.

वसंतात गाडी सुरू झाली, लोक चर्चला आले, आणि मिना करड्या झग्यात, उघड्या खांद्यांनी. बायका वर्षभर तिच्याशी बोलल्या नाहीत. शालीचं काय केलं हे तिने कोणाला सांगितलं नाही. पांघरूण पेटीत गेलं. बाबीला म्हणाली, "विचारलं तर सांग, सगळं मीच विणलं, लोकर दुकानातली." म्हणजे तुमच्या घरातली कथा तिथून निघाली. ती फुशारकी नव्हती, लाइल. ती झाकपाक होती.

आता करा काय करायचं ते.

ओपल


हॅरो क्रीक
६ जुलै १९७८

ओपल,

चार तारीख झाली. पाऊस नव्हता, वारा होता, बँडवाल्यांचे कागद उडाले.

तुमचं पत्र एकोणतीस एप्रिलला आलं. उभ्याउभ्याच वाचलं. मग बसून फिलिसबाईंच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या भाषेत लिहिलं: चौकोन बारबोराने विणले, वय सतरा. तिला मावशीने शिकवले. काठ मिना हेवरकँपने आपल्या शोकाच्या शालीचा घातला, मूल आजारी होतं म्हणून. हे चौकोन सगळ्यात आधी कोणी विणले ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असलेला माणूस मला भेटलेला नाही. खाली सही केली.

फिलिसबाईंनी दोनदा वाचलं. "लाइल, यात जन्मगाव कुठे आहे?"

"नाही."

"मग पाटीवर काय लिहू? 'इथे काही पहिल्यांदा झालं नाही'?"

"तेही खरंच आहे," मी म्हणालो. त्यांना हसू आलं आणि मग हसल्याचा राग आला.

पाटी रद्द झाली. माझी खुर्चीही गेली; तिच्यावर गेल्या सालच्या मोठ्या भोपळ्याचा मालक बसला, आणि बसलाही तसाच. पण पांघरूण शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर मांडायला जागा दिली. पुस्तिकेत माझा मजकूर जसाच्या तसा छापला, चुकांसकट.

सकाळी नऊला टेबलापाशी उभा राहिलो. आधी कोणी येईना. मग फिलिसबाईंची सून आली, तिच्या आजीने विणलेल्या चौकोनांचं जाकीट घालून. म्हणाली, "खोटा खांब म्हणजे काय हो काका?" मी दाखवला. तिने तिथेच जाकीट काढून उलटसुलट केलं आणि ओरडली, "अगं बाई, माझी आजी डावरी होती!" तिथून जी रांग लागली ती दुपारपर्यंत हटली नाही. बायका घरी जाऊन उशा, पलंगपोस, कुत्र्याखालचं पांघरूणसुद्धा घेऊन आल्या. एका म्हातारीच्या पांघरुणात मधल्याच एका चौकोनाची फेरी उलटी निघाली. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हा बहिणीचा. मला वाटत होतं तिने एकही केला नाही." आणि तिथेच बसली.

डेल ब्रिंकर आला. "मग शेवटी पहिला कोणी विणला?"

"ठाऊक नाही."

"मग एवढी गर्दी कशाची?"

"पहिला कोणाचा ते कोणी विचारतच नाहीये. घरातला कोणी विणला ते शोधताहेत."

तो पांघरुणावर वाकला. म्हणाला, "पण तुला हे सगळं इतकं कसं कळतं रे?" आजूबाजूला वीसेक माणसं होती. मी खिशातून सुई काढली, डाव्या हातात, आणि लोकरीचा गुंडा घेऊन सगळ्यांसमोर एक चौकोन विणून दाखवला. अर्ध्या तासाच्या जागी वीस मिनिटं लागली. डेल शेवटपर्यंत थांबला. "आजीबाई," तो म्हणाला, पण या वेळी हळू, "माझ्या आईची एक उशी आहे. उद्या आणतो." चार वाजेपर्यंत मी उभा होतो आणि एकदाही नाडी पाहिली नाही.

चर्चच्या बायकांनी ठराव केलाय की पांघरूण उन्हाळाभर तिथेच ठेवायचं. ज्या बायकांनी आजीशी बोलणं टाकलं होतं, त्यांच्याच नाती या.

आता एक काम आहे. टेबलावरचं कार्ड मी स्वतः लिहिलं. मिनाचं नाव पाठ होतं. तुमच्या बाबीचं माहेरचं आडनाव मात्र आमच्या गावात कोणी कधी कागदावर लिहिलेलंच नाही. मी लहानपणी ऐकलं होतं, त्या अंदाजाने 'झेलिंका' लिहिलंय. तिचं नाव तिचं स्वतःचं हवं. बरोबर काय ते ठळक अक्षरांत कळवा. आणि तुम्हीच येऊन कार्ड बदललंत तर मी स्टेशनवर घ्यायला येतो.

लाइल